सहा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच स्टेडियममध्ये फुटबॉल सामना दाखवायचा आहे. कुठली जागा घ्यावी, काय तयारी करावी आणि पुढे तिला हे आठवेल का?

तिकीट अजून काढलं नसेल तर आधी जागेचं बोलू, कारण अर्धा दिवस तिथेच ठरतो. सहा वर्षांचं मूल उभं राहिलं की साधारण ११५ सेंटिमीटर भरतं. बसलं की त्याचे डोळे शेजारच्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा वीसेक सेंटिमीटर खाली येतात. स्टँडच्या पायऱ्यांचा उतार मात्र मोठ्या माणसाच्या नजरेचा हिशोब करून काढलेला असतो, तोही सगळे बसून बघणार असं धरून. प्रत्यक्षात चेंडू पेनल्टी बॉक्समध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत) शिरला की पुढची अख्खी रांग उभी राहते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तेच मुलीला दिसत नाही.

खुर्चीवर उभं करायचा मोह आवरा. दुमडणाऱ्या खुर्चीत पाय अडकतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला परवानगीही नसते. हलकं मूल अशा खुर्चीत पार मागे सरकून बसलं तर बैठक वर उचलली जाते आणि ते मध्ये चिमटतं. तिला पुढच्या कडेला बसवा म्हणजे वजनाने बैठक खाली राहते.

माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या स्टँडमध्ये, दहा ते वीस रांगा वर, पेनल्टी बॉक्सच्या साधारण समोर आणि जिन्याला लागून असलेली कडेची खुर्ची. जिन्याच्या बाजूने तिरकं बघता येतं, समोर डोकी कमी येतात आणि शी-शूसाठी उठताना आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. मध्यरेषेसमोरच्या जागा मोठ्यांना आवडतात, डावपेच नीट कळतात म्हणून. मुलांना त्यातलं काही नको असतं. त्यांना निदान अर्धा वेळ एक गोल जवळ हवा.

टाळायच्या जागा तीन. अगदी पहिली रांग: नजर मैदानाच्या पातळीवर येते, समोर जाहिरातींचे फलक असतात, आणि मैदान साधारण १०५ मीटर लांब असल्याने पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते कळतच नाही. वरच्या मजल्याची पहिली रांग: कठड्याची नळी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. आणि गोलच्या मागचा स्टँड: कट्टर पाठीराखे बहुधा तिथेच असतात, ढोल, झेंडे, आणि पूर्ण वेळ उभं राहून बघायची पद्धत. शिवाय सरावाच्या वेळी चुकलेले फटके तिकडेच येतात. चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तोंडावर बसला तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

सामना दुपारचा असेल तर पश्चिमेचा स्टँड घ्या. सूर्य पाठीशी राहतो आणि छताची सावली लवकर मिळते. मैदानं बहुतेक उत्तर-दक्षिण आखलेली असतात, त्यामुळे हे सहसा जमतं.

आता आवाज. पहिल्या सामन्यात मुलं रडतात ती कंटाळ्याने कमी आणि आवाजाने जास्त. भरलेल्या स्टेडियममध्ये गोल झाला की आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि तो हळूहळू वाढत नाही, एकदम फुटतो. हेडफोनसारखे दिसणारे, कान पूर्ण झाकणारे मुलांचे इअरमफ घ्या. फोमचे बोळे लहान कानात नीट बसत नाहीत आणि पंधरा मिनिटांत खुर्चीखाली सापडतात. इअरमफ आदल्या आठवड्यात घरी अर्धा तास घालून बघायला द्या, नाहीतर ऐन वेळी ती काढून टाकेल. आणि आधीच सांगून ठेवा: गोल झाला की सगळे ओरडणार, मीही ओरडणार. स्वतःचे आई-बाबा अचानक किंचाळलेले पाहून मुलं जितकी घाबरतात तितकी अनोळखी गर्दीला घाबरत नाहीत.

खुर्चीवर सामन्याच्या ४० मिनिटं आधी पोहोचा. गोलकीपर सहसा सगळ्यांच्या आधी सरावाला येतात आणि तेव्हा गर्दी कमी असते, मुलांना ही वेळ प्रत्यक्ष सामन्यापेक्षाही आवडू शकते. तिला ऑफसाइड समजावत बसू नका. ‘कडेच्या पंचांचा झेंडा वर गेला की खेळ थांबतो’ एवढं पुरे. त्यापेक्षा जवळच्या गोलकीपरवर लक्ष ठेवायला सांगा: त्याचा रंग वेगळा, जागा ठरलेली, शोधावा लागत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा नवा गोलकीपर मिळतो. टीव्हीवरची कॉमेंट्री इथे नसते आणि वादग्रस्त प्रसंग मोठ्या पडद्यावर बरेचदा दाखवतही नाहीत, त्यामुळे ‘काय झालं?’ हा प्रश्न सतत येईल. व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचांचे निर्णय तपासायची सोय) असेल तर मध्यावरून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत गोल पक्का धरू नका, हेही सांगा. आणि शून्य-शून्यची शक्यता आधीच बोलून ठेवलेली बरी.

मध्यंतर १५ मिनिटांचं, आणि तेवढा वेळ रांगेतच जातो. ३५व्या मिनिटाच्या आसपास स्वच्छतागृहात जाऊन या. गोल हुकला तर हुकला.

दंडाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने तुमचा फोन नंबर लिहा, नाव नको. गेटवर तिचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. चमकदार जॅकेटवाले कर्मचारी कोण ते आत शिरतानाच दाखवा: हरवलीस तर यांच्याकडे जायचं, बाहेर पडायचं नाही. कपडे पाहुण्या संघाच्या रंगाचे नकोत. बॅगेचा आकार आणि बाटलीचे नियम स्टेडियमच्या वेबसाइटवर आधी वाचा. एकतर सामना संपायच्या पाच मिनिटं आधी निघा, नाहीतर संपल्यावर पंधरा मिनिटं बसून राहा. अरुंद बोळातल्या गर्दीत मूल लोकांच्या छातीच्या उंचीवर दाबलं जातं. तिथे हात धरून चालवण्यापेक्षा पुढे कडेवर घ्या.

आठवेल का? साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचं मोठेपणी सहसा आठवत नाही, सहाव्या वर्षीचं टिकू शकतं, पण तुकड्यांत. स्कोअर जाईल, बोगद्यासारख्या वाटेतून वर आल्यावर एकदम दिसलेलं हिरवं मैदान, धूर, कुणाची तरी शिट्टी, असं काहीतरी राहील. त्यासाठी मोबाइलवर चित्रीकरण करण्यापेक्षा नंतरच्या गप्पा जास्त उपयोगी पडतात. मुलांशी सविस्तर बोलणाऱ्या पालकांच्या मुलांना प्रसंग अधिक तपशिलात आठवतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. फक्त ‘मजा आली ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’ येऊन विषय संपतो. ‘सगळ्यात मोठा आवाज कधी झाला? गोलकीपर कुणावर चिडला होता?’ असं विचारा, आणि ती चुकीचं सांगत असेल तरी लगेच दुरुस्त करू नका.