मसुदा नव्हे, ओढ

साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून प्रश्न आलाय. बॉयलरच्या चिमणीची मापं ठरवायचीत, टिपण मराठीत लिहायचंय, तर पंख्याशिवाय चिमणीतून धूर वर खेचला जातो त्या ‘नॅचरल ड्राफ्ट’ला काय म्हणावं? भाषांतराच्या यंत्रानं ‘नैसर्गिक मसुदा’ काढून दिला म्हणे.

यंत्र अगदीच वाट चुकलेलं नाही. इंग्रजीतला ड्राफ्ट हा ‘ड्रॉ’च्या कुळातला आणि ड्रॉ म्हणजे रेखाटणंही, ओढणंही. आपणही रेघ ओढतोच की! मसुदा रेघेच्या बाजूनं आला. चिमणीला हवी ती नुसती ओढ. विडी ओढतात, ओहोटीच्या पाण्याला ओढ असते, तशी चिमणीला ओढ. ‘आज चिमणी ओढत नाहीये’ म्हटलं की भट्टीपाशी उभ्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

काही जण ‘वातप्रवाह’ सुचवतील. मला तो चालत नाही. प्रवाह हा परिणाम. ड्राफ्ट म्हणजे दाबातला फरक, तो मिलिमीटर पाण्यात, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबात, मोजतात. बाहेर 30 अंश सेल्सिअसची हवा घनमीटरला साधारण 1.16 किलो भरते, चिमणीतला 200 अंशांचा वायू जेमतेम 0.75. फरक 0.41. चिमणी 30 मीटर उंच असेल तर गुणाकार करा: चौरस मीटरला सुमारे 12 किलो, म्हणजेच 12 मिलिमीटर पाण्याइतकी ओढ. त्यातली काही भिंतींच्या घर्षणात जाते, म्हणून आतला व्यास फार आवळायचा नाही. डिसेंबरच्या पहाटे बाहेरची हवा जड, ओढ जास्त. मापं मात्र मेच्या दुपारची धरा.

खरं तर चिमणी काहीच ओढत नाही, बाहेरची जड हवा खालून घुसते आणि हलक्या वायूला वर रेटते. कंदिलाची काच बसवली की फडफडणारी ज्योत सरळ उभी राहते, तोच प्रकार. पण सूर्य तरी कुठे उगवतो?

राहिला ‘नॅचरल’. ‘नैसर्गिक ओढ’ वाचून मला माहेर आठवतं. इथे मुद्दा एवढाच की पंखा नाही, तेव्हा ‘बिनपंख्याची ओढ’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात नॅचरल ड्राफ्ट. इंड्यूस्ड ड्राफ्टचा (चिमणीच्या बाजूनं धूर खेचणारा) तो ओढता पंखा, फोर्स्डचा (भट्टीत हवा ढकलणारा) रेटता.

स्टॅकला धुराडं म्हणा, नाहीतर चिमणी. गिरणगावानं दुसरा शब्द केव्हाच पक्का केलाय. फ्लॅटमधल्या गॅसवरच्या ‘चिमणी’त मात्र मोटर असते, तिला बिनपंख्याची म्हणू नका.