सी कोड लिनक्स, सोलारिस, एआयएक्स आणि मॅकवर कंपाइल करायचाय, ओएस ओळखणाऱ्या मॅक्रोंची (कंपायलर आधीच डिफाइन करून देतो त्या नावांची) पक्की यादी कुठे मिळेल?

यादीच्या मागे लागू नका, कंपायलरलाच विचारा. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला डॅश डीएम, डॅश ई देऊन रिकामी फाइल द्या, तो स्वतः काय काय डिफाइन करतो ते सगळं दाखवतो. सोलारिसच्या सन स्टुडिओ कंपायलरला डॅश एक्सडंपमॅक्रोज, एआयएक्सच्या एक्सएलसी कंपायलरला डॅश क्यूशोमॅक्रोज. पण विचारताना मेकफाइलमधले (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधले) सगळे फ्लॅग जसेच्या तसे द्या, आमचे हाल तिथेच झाले.

पुण्यात एका कंपनीत होतो, सर्व्हरवर चालणारा एजंट प्रोग्राम एकाच कोडमधून लिनक्स, सोलारिस, एआयएक्ससाठी बनायचा. आधीचा एजंट चालू आहे का हे लिनक्सवर प्रॉकमधून (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या फोल्डरमधून) बघायचो आणि त्याभोवती इफडेफ (मॅक्रो असेल तरच कोड घ्यायची अट) होतं नुसत्या 'लिनक्स'चं, अंडरस्कोर नाहीत. सोलारिस आणि एआयएक्सच्या अटी वेगळ्या, शेवटच्या एल्समध्ये सरळ शून्य, म्हणजे कोणी चालू नाही. एका नव्या पोराला फॉर लूपच्या आतच इंट आय लिहायचं होतं, तेव्हाचा जीसीसी डिफॉल्टने जीएनयू९० (सीचं जुनं मानक अधिक जीएनयूच्या जादा सोयी), एरर आली, त्याने मेकफाइलमध्ये एसटीडी सी९९ (नुसतं नवं मानक) करून टाकलं. बिल्ड झालं, त्या कोडवर एक वॉर्निंग नाही, आणि लिनक्सवर एकाच मशीनवर दोन-दोन एजंट एकाच लॉगमध्ये लिहितायत! बाकी दोन्ही ठणठणीत, म्हणून सगळे कर्नलला शिव्या देत बसले. मी जुन्या आणि नव्या फ्लॅगांनी मॅक्रो काढून डिफ मारला तर 'लिनक्स' आणि 'युनिक्स' दोन्ही गायब. कडक सी९९मध्ये ही नावं प्रोग्रामरची, तुम्ही व्हेरिएबललाही देऊ शकता, म्हणून कंपायलर ती बळकावत नाही. जीएनयू९९ दिलं असतं तर राहिली असती. मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोरवालं लिनक्स मात्र दोन्हीकडे असतं, तेच वापरा.

तेव्हा मी म्हटलं, प्रत्येक इफडेफच्या शेवटच्या एल्समध्ये हॅश एरर (तिथे पोचलं की बिल्ड थांबवणारी ओळ) टाकूया. लीड म्हणाले, नको, नवीन प्लॅटफॉर्म आला की बिल्ड तुटेल. अहो, तुटलंच पाहिजे! आपल्या टेबलावर तुटू दे, कस्टमरकडे नको. मॅकचंच बघा, 10.5 पासून, म्हणजे 2007 पासून, सर्टिफाइड युनिक्स, तरी तिथला कंपायलर युनिक्सचा मॅक्रो डिफाइन करत नाही, त्यामुळे 'युनिक्स नाहीतर विंडोज' असं लिहिलं की मॅक गपचूप विंडोजच्या कोडमध्ये जातो. तिथे ॲपलचा मॅक्रो बघा.

आणि हो, क्लँगही जीएनयूसीचा (जीसीसीची ओळख सांगणारा) मॅक्रो देतो, वर व्हर्जन 4.2 सांगतो, म्हणून क्लँगचा आधी तपासा. मसल ही लिनक्सवरची सी लायब्ररी तर मुद्दामच स्वतःचा मॅक्रो देत नाही, म्हणजे लिनक्स दिसलं म्हणून जीलिबसी (नेहमीची सी लायब्ररी) आहेच असं नाही, मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर फसाल, तिथे ते फंक्शन खरंच आहे का हे कॉन्फिगरमध्ये (बिल्डआधीच्या चाचणीत) तपासणंच बरं.

लॉगला रंग देण्यासारखं काही असेल तर रिकामा एल्स चालतो, एवढं लीडचं मान्य. पण प्रोसेस जिवंत आहे का, याला 'माहीत नाही'च्या जागी 'नाही' हे उत्तर कसं चालेल? त्यांनी हे शेवटपर्यंत ऐकलं नाही, तुम्ही तरी पहिल्या दिवसापासून एरर टाका.