ॲसिडिटीची गोळी तीन वर्षं रोज घेतोय. माझ्या पोटात ॲसिड जास्त बनतं का? गोळी बंद करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली पॅन्टोप्राझोल ४० तुम्ही तेव्हापासून स्वतःच आणून घेताय, आणि मध्ये आठवडाभर बंद केली तर जळजळ दुप्पट झाली. मी डॉक्टर नाही, एण्डोस्कोपीच्या खोलीत सिस्टर आहे. टेबलावर आडवं होता होता बरेच जण हेच विचारतात.

ॲसिड जास्त बनतं असं बहुतेक वेळा नसतं. ते नको तिथे पोहोचतं. जठरात दिवसाला दीड-दोन लिटर रस पाझरतो. त्यातल्या ॲसिडशिवाय प्रथिनं पचवणारं पेप्सिन कामाला लागत नाही, आणि खाण्यातून गेलेले बरेचसे जंतू त्यातच मरतात. जठराला आतून चिकट स्रावाचा थर असतो, म्हणून ते स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेला तशी सोय नाही. स्कोप, म्हणजे कॅमेरा लावलेली नळी, आत जाताना पडद्यावर हे स्वच्छ दिसतं: दातांपासून साधारण ४० सेंटिमीटरवर अन्ननलिकेचं फिकट गुलाबी अस्तर एकदम संपतं आणि जठराचं भगवट लाल अस्तर सुरू होतं. त्या वेड्यावाकड्या रेषेपाशी स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की आंबट पाणी वर येतं, आणि जुनं दुखणं असेल तर रेषेच्या वर ओरखडल्यासारखे लाल पट्टे दिसतात. (अनेकांना जळजळ भरपूर, आणि आत काहीच दिसत नाही, असंही होतं.) सुटलेलं पोट, तंबाखू, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं, ही नेहमीची कारणं.

गोळी ही झडप दुरुस्त करत नाही. जठरातल्या पेशी ज्या पंपांनी ॲसिड बाहेर टाकतात, ते पंप ती बंद करते. पंप चालू होतात खाल्ल्यावर, म्हणून गोळी खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. सकाळी सातला गोळी, मग नुसता चहा आणि थेट दीड वाजता जेवण, अशाने ती अर्धी वाया जाते.

आता बंद करण्याचं. पंप बराच काळ बंद राहिले की शरीर ॲसिड बनवा असा हुकूम देणारं गॅस्ट्रिन वाढवतं. गोळी एकदम थांबवली की काही आठवडे ॲसिड उसळून येऊ शकतं. तुमची ती दुप्पट जळजळ यातलीच असू शकते. तेवढ्यावरून गोळी जन्माची झाली असं समजू नका. डॉक्टर बहुधा ४० वरून २० वर आणतात, मग एक दिवसाआड, आणि मध्ये लागलंच तर पातळ अँटासिड. मात्र अन्ननलिकेला मोठी इजा असेल, किंवा ॲस्पिरिन वा दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून ही दिली असेल, तर मनाने बंद करू नका.

तीन वर्षं झालीत तर बी-१२ तपासून घ्या. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला ॲसिड लागतं. त्यात तुम्ही शाकाहारी असाल आणि शुगरसाठी मेटफॉर्मिनही चालू असेल, तर ते कमी असण्याची शक्यता आणखी वाढते.

जळजळ छातीत नसून बेंबीच्या वर दुखत असेल, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूची तपासणी विचारा. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे जठराचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर जेल गुलाबी होतं. पण गोळी चालू असताना जंतू असूनही ते पिवळंच राहू शकतं, म्हणून ती दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. आणि मंडळी त्याच दिवशी पहाटे घेऊन येतात!

रात्रीसाठी दोन उशा घेऊन उपयोग नाही, त्याने मान आणि पोटच दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू १५-२० सेंटिमीटर उचला, डाव्या कुशीवर झोपा, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते वेगळं) यातलं काही असेल तर गोळ्यांचा हिशोब बाजूला ठेवून लगेच दाखवा. आणि जळजळीबरोबर घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखला, जिना चढताना छाती भरून आली, तर दुखणं हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी.