आधी जमीन, मग नकाशा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चार दिवस दिशा शिकवून झाल्यावर तू "उत्तर कुठे?" असं विचारलंस आणि त्या मुलीनं छताकडे बोट दाखवलं, त्या ओळीपाशी मी दरवेळी थांबले. माझं काय चुकलं तेच कळत नाही, असं तू लिहितेस. आणि लगेच विचारतेस, निदान राजधान्या तरी पाठ करून घेऊ का?

राजधान्यांचं पुढे बघू. आधी त्या मुलीचं. तिनं तुझं मन लावून ऐकलं होतं. नकाशा भिंतीवर टांगलेला, त्याच्या वरच्या कडेला उत्तर, आणि त्या कडेच्या वर छत. मग तिनं दुसरं काय दाखवायचं? उत्तर ही पायाखालच्या जमिनीवरची दिशा आहे, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. तू नकाशा आधी आणलास. आधी जमीन, मग नकाशा. हे मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, हातात छडी, आणि मी नाईल नदी दाखवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पाणी वर कसं चढतं?" नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळते. नकाशात ती खालून वर जाताना दिसते. वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, "नदी चढत नसते, खाली बस." तो बसला. वर्षभर त्यानं पुन्हा प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी नकाशा खिळ्यावरून काढून फरशीवर अंथरला असता, तर दोन मिनिटांत त्याला उमगलं असतं की नदी उंच जमिनीकडून सखल जमिनीकडे जाते आणि कागदाच्या वरच्या कडेला उंचीशी काही देणंघेणं नाही. वर्गात सगळ्यांत नीट विचार करणारं मूल तेच होतं. त्याला मी गप्प केलं. ते अजून सलतं, म्हणूनच मी या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

तेव्हा उद्या पहिलं काम, तो नकाशा खाली उतरव. गुंडाळून ठेव. उत्तरेला 'वर' आणि दक्षिणेला 'खाली' म्हणायचं नाही, तूही नाही आणि मुलांनीही नाही. उत्तर वरच असावी असं निसर्गात कुठेही लिहिलेलं नाही. अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसीनं ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वरच्या बाजूला आहे.

मग अंगणात एक सरळ काठी रोव. सकाळपासून दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाशी मुलांना खडा ठेवायला सांग. सगळ्यांत आखूड सावली ज्या रेषेवर पडेल ती उत्तर-दक्षिण रेषा. कर्कवृत्ताच्या उत्तरेला ती सावली वर्षभर उत्तरेकडे पडते, मकरवृत्ताच्या दक्षिणेला दक्षिणेकडे, आणि मधल्या पट्ट्यात ऋतूप्रमाणे बाजू बदलते. सूर्य रोज नेमका पूर्वेला उगवतो, असं मात्र बेधडक सांगू नकोस. तसा तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच उगवतो. मुलं बघतात, आणि बघितलेलं विसरत नाहीत.

नंतर वर्गाचा आराखडा. सुरुवात खडूच्या डब्यापासून कर. डबा कागदावर ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, डबा उचलायचा. कागदावर उरलेला चौकोन म्हणजे वरून दिसणारा डबा. नकाशाचं अर्धं मर्म त्या चौकोनात आहे. मग वर्ग पावलांनी मोजू दे. एकाची बारा पावलं भरतील, दुसरीची पंधरा, आणि भांडण होईल. होऊ दे! त्या भांडणातूनच सगळ्यांसाठी एकच माप लागतं हे त्यांना पटेल, आणि मग एवढा वर्ग एवढ्याशा कागदावर बसवायचा तर प्रमाण लागतं हेही. तू प्रमाणाची व्याख्या फळ्यावर लिहून मोकळी झालीस, हे वाचून मला रागच आला.

हे काही माझं संशोधन नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दों इथे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांच्या शाळेत मुलांना आधी जवळच्या एका अरुंद दरीत नेत. ती नीट पाहून झाली की मुलं तिथलीच चिकणमाती टोपल्यांत भरून आणत आणि लांब टेबलांवर ती दरी उठावात घडवत. ती पुरी झाल्यावरच त्यांना नकाशा दाखवत. १८०७ मध्ये कार्ल रिटर ती शाळा पाहायला गेले होते. हेच रिटर १८२० मध्ये बर्लिनला भूगोलाचे प्राध्यापक झाले. दोनशे वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून छडी घेऊन भिंतीपाशी उभ्या.

पृथ्वीगोलाची घाई करू नकोस. १९९२ मध्ये स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी साठ मुलांशी बोलून घेतलेला शोध प्रसिद्ध झाला. पृथ्वी गोल आहे असं ऐकलेल्या मुलांपैकी काहींच्या मनात ती थाळीसारखी होती, तर काहींच्या मनात पोकळ चेंडूसारखी, माणसं आत सपाट जमिनीवर राहणारी. पायाखालची सपाट जमीन आणि बाईंची गोल पृथ्वी यांचा मेळ ती आपापल्या परीनं घालत होती. पृथ्वीगोल आणशील तेव्हा शेजारी मर्केटर पद्धतीचा नकाशा ठेव. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची १५६९ ची ही पद्धत खलाशांच्या सोयीची. तिच्यात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. गोलावर कागद ठेवून दोन्हींचे आकार कापून घ्यायला लाव.

अभ्यासक्रम मागे पडेल, असं तू म्हणतेस. माझाही पडायचा. एका तपासणीत "मुलांना नकाशावर देश दाखवता येत नाहीत" असा शेरा मिळाला होता. शेरा खरा होता. पण त्याच मुलांनी त्या पावसाळ्यात मला अंगणात ओढत नेलं होतं. मातीच्या ढिगावरून ओघळ येऊन मोठ्या ओहोळाला मिळत होते आणि डबक्याच्या तोंडाशी गाळाचा पंखा पसरला होता. "बाई, मुख!" एक जण ओरडला. त्यांना देश पुढच्या वर्षी येणारच होते, आणि आले. मी चुकले असं मला वाटत नाही. नाईलवाल्या मुलाच्या बाबतीत चुकले, तिथे नाही.

राजधान्या पाठ करायला हरकत नाही. मुलांना त्यात मजा येते. फक्त आधी जमीन.

काठी रोवलीस की सगळ्यांत आखूड सावली किती वाजता पडली ते मला कळव. घड्याळात बरोबर बारा बहुधा नसतील. मुलं का म्हणून विचारतील, तेव्हा उत्तर लगेच देऊ नकोस. आणि त्या मुलीला पहिला खडा ठेवू दे.

तुझी,
बाई