फोटो नीट उघडतो, मग साइज २१ कशी?

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे, सी मध्ये बीएमपी फोटो वाचायचा छोटा प्रोग्राम करतोय. हेडरसाठी (फाइलच्या सुरुवातीची माहिती) स्ट्रक्ट, म्हणजे अनेक फील्ड्सचा एक गठ्ठा, बनवलं, फील्ड्स फॉरमॅटमध्ये आहेत त्याच क्रमाने टाकली आणि एफरीडने (फाइलमधून बाइट वाचणारं फंक्शन) एका फटक्यात सगळं त्यात भरलं. सुरुवातीची ‘बीएम’ अक्षरं बरोबर येतात, पण फाइल साइज २१ दाखवतंय आणि पिक्सेलचा ऑफसेट, म्हणजे पिक्सेल कितव्या बाइटपासून सुरू होतात तो आकडा, २६२१४४०! फोटो ८०० बाय ६००, २४ बिटचा, पेंटमध्ये मस्त उघडतो. मित्र म्हणतो एंडियनचा, म्हणजे नंबरचे बाइट कुठल्या क्रमाने ठेवतात त्याचा, लोचा आहे. खरंय का?

उत्तर: नाही, बीएमपी लिटल एंडियन (सगळ्यात लहान बाइट आधी) आणि तुमचा पीसीपण लिटल एंडियन. लोचा पॅडिंगचा, म्हणजे फील्ड्सच्या मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइटचा आहे, आणि तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच तो सापडतो.

फाइलमध्ये हे हेडर १४ बाइटचं असतं, २ बाइट ‘बीएम’, ४ साइज, २ अधिक २ राखीव, ४ ऑफसेट. पण चार बाइटचा नंबर चारच्या पटीतल्या पत्त्यावर यावा म्हणून कंपायलर ‘बीएम’नंतर गुपचूप २ बाइट रिकामे सोडतो (साइजऑफने स्ट्रक्टची साइज छापून बघा, १६ येईल), आणि एफरीडला त्या रिकाम्या जागेचं काही पडलेलं नसतं, तो सरळ १६ बाइट ओळीने ओतून मोकळा. तुमची खरी साइज १४४००५४, म्हणजे ८०० गुणिले ६०० गुणिले ३ आणि वर ५४ हेडरचे. हेक्समध्ये ते बाइट ३६ एफ९ १५ ००. पहिले दोन पॅडिंगमध्ये गेले, उरले १५ ०० आणि मागून आलेले राखीव शून्य. हेक्समधलं १५ म्हणजेच २१! ऑफसेटचे ५४ दुसऱ्या राखीव फील्डमध्ये जाऊन बसलेत, प्रिंट करा, दिसतील. त्यांच्या जागी पुढच्या हेडरची साइज ४० घुसली, तीही वरच्या दोन बाइटमध्ये, म्हणून ४० गुणिले ६५५३६.

आता कोणीही सांगेल की प्रॅग्मा पॅक लाव, म्हणजे कंपायलरला पॅडिंग सोडू नको असं सांग. लावा, आजचं काम होईल, पण मला ते आवडत नाही, कारण ते सी च्या स्टँडर्डमध्ये नाही आणि बाइटच्या क्रमाचा प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा १४ बाइटचा अनसाइन्ड कॅरचा ॲरे घ्या, त्यात वाचा, एफरीडने खरंच १४ दिले का ते तपासा, मग चार बाइटच्या प्रत्येक नंबरचा पहिला बाइट तसाच, दुसरा ८, तिसरा १६, चौथा २४ बिट डावीकडे सरकवून ऑर करा. सरकवण्याआधी प्रत्येक बाइट ३२ बिटच्या अनसाइन्डमध्ये कास्ट करायचा, नाहीतर चौथा बाइट १२८ किंवा जास्त असला की साइन बिटमध्ये घुसतो आणि ते अनडिफाइन्ड बिहेवियर. नुसता कॅर पण नको, पीसीवर तो सहसा साइन्ड असतो, तुमच्याच फाइलमधला एफ९ उणे ७ होऊन बसेल. विंडोजवर फाइल ‘आरबी’ (बाइट जसेच्या तसे वाचणाऱ्या बायनरी) मोडनेच उघडा हे सांगायला नकोच.

मित्राचा एंडियन पीएनजीमध्ये भेटेल, तिथे रुंदी ८०० ही ०० ०० ०३ २० अशी उलटी लिहितात, पीसीवर थेट वाचलीत तर ५३७०६७५२० येईल.

प्रश्न: हेडरमधली रुंदी-उंची घेऊन थेट मॅलॉक केलं, म्हणजे तेवढी मेमरी मागितली तर चालेल ना?

उत्तर: अजिबात नाही. फाइलमधला आकडा कोणीही काहीही लिहू शकतो. २०१४ चा हार्टब्लीड बग आठवा, समोरच्याने सांगितलेली लांबी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने न तपासता मानली आणि एका उत्तरात ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची. आधी मर्यादा ठरवा, गुणाकार ओव्हरफ्लो होत नाही ना आणि फाइलमध्ये तेवढे बाइट आहेत का ते बघा. आणि हो, बीएमपीची उंची साइन्ड घ्या, ती उणे असू शकते, तेव्हा ओळी वरून खाली असतात.