मोजणी कुठली करायची, हद्द कायम की पोटहिस्सा?

प्रश्न : आमची इंदापूर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे, 7/12 वर 0.81 लिहिलंय. शेजाऱ्याने बांध कोरून कोरून आमच्याकडे सरकवलाय असं वाटतं. त्यात भाऊ म्हणतोय आता वाटण्या करू. कोणी हद्द कायम सांगतं, कोणी पोटहिस्सा, कोणी निमताना, डोकं चालेनासं झालंय.

उत्तर : ताई, आधी हद्द कायम मोजणी करा, म्हणजे गटाची बाहेरची हद्द नक्की करून घ्या, वाटणीचं नंतर. बाहेरची हद्दच नक्की नसेल तर आतली रेघ कुठून मारणार? पोटहिस्सा मोजणी म्हणजे एकाच गटात कोणाचा तुकडा कुठला ते मोजून नकाशावर घेणं, तीही करायचीच, कारण तोंडी वाटणीवर दोन पिढ्या शेती केलेली घरं नंतर कोर्टात उभी राहतात हे मी खूप पाहिलंय. आणि निमताना तुम्हाला आत्ता लागूच नाही, झालेली मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून परत मोजून घेणं म्हणजे निमताना.

0.81 म्हणजे हेक्टरमध्ये, म्हणजे 81 आर. याला लोक 81 गुंठे समजतात, पण गुंठा 1089 स्क्वेअर फूट आणि आर साधारण 1076. तुमचे झाले जवळपास 80 गुंठे, सरळ 2 एकर. कोणी म्हणालं गुंठा कमी भरतोय तर आधी हा हिशोब करा मग भांडा. हा गुंठा आला 33 फुटी साखळीतून, एक साखळी लांब एक साखळी रुंद. आणि तुमच्याच इंदापुरात 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची ती पाहणी सुरू केली जी पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली, तेव्हा तुमच्या बांधाचा प्रश्न तसा जुन्या गावचाच आहे.

अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात किंवा ऑनलाईन, ताजा 7/12 लावून. फी भरली की तारीख पडते आणि लगतवाल्यांना नोटीस जाते. शेजाऱ्याने सही नाही केली म्हणून मोजणी थांबत नाही, नोटीस पोचलेली असली पाहिजे एवढं बघा. ऊस उभा असेल तर कृपा करून तोड झाल्यावरची तारीख मागा, आता उपग्रहाच्या मदतीने मोजणारं रोव्हर मशीन आलं तरी उभ्या उसातून बांधाच्या कोपऱ्यावर जाणार कसं. त्या दिवशी स्वतः हजर राहा, जुने दगड, विहीर, शिवेची खूण माहिती असलेलं घरातलं म्हातारं माणूस सोबत घ्या, कारण सर्वेअर टिपण (जुन्या मोजणीची मापं असलेला कच्चा नकाशा) आणि गट नकाशा घेऊन येतो पण जागेवरची खूण दाखवणारं कोणीतरी लागतंच. खुणा दाखवल्या की लगेच दगड रोवून फोटो काढा.

नंतर जो नकाशा मिळतो त्याला क प्रत म्हणतात. त्यात रेकॉर्डची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली असते, त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तुमचा बांधाचा वाद. पण मोजणीवाले ताबा काढून देत नाहीत हो, ते फक्त दाखवतात. शेजारी ऐकला तर उत्तम, नाही तर क प्रत घेऊन वकिलाकडे जा, आणि हे पुढच्या वर्षावर ढकलू नका, ताब्याच्या दाव्याला मुदत 12 वर्षांची असते आणि बांध कधीपासून सरकलाय हे तुम्हालाच माहिती.