ड्रॉप्सी, व्हिट्रिऑल वगैरे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत कोणी ना कोणी ड्रॉप्सीने जातंच. डिक्शनरीत जलोदर दिलंय, मग तेच समजायचं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : समजा, पण ते अर्धंच होईल. जलोदर म्हणजे पोटात पाणी. ड्रॉप्सी म्हणजे अंगात कुठेही पाणी धरलं की ड्रॉप्सी, पाय सुजले, पोट फुगलं, अंगभर सूज आली, सगळं एकाच नावाखाली. आजचे डॉक्टर याला रोग म्हणणारच नाहीत, लक्षण म्हणतील, कारण पाणी हार्टमुळे साठतं, किडनीमुळे साठतं, लिव्हर बिघडलं तरी साठतं.

यावरून विल्यम विदरिंग आठवला. हा बर्मिंगहॅमचा डॉक्टर, झाडापाल्यातला दर्दी माणूस. 1775 साली त्याला ड्रॉप्सीवरच्या एका घरगुती औषधाबद्दल कोणीतरी मत विचारलं. श्रॉपशरमधली एक म्हातारी ते गुपचूप द्यायची आणि डॉक्टरांनी हात टेकलेले पेशंटसुद्धा तिच्याकडे बरे व्हायचे म्हणे. औषधात वीसेक प्रकारचा पाला, पण विदरिंगने लगेच ओळखलं की यात खरं काम करणारं झाड एकच, फॉक्सग्लोव्ह. मग त्याने पेशंटमागून पेशंटना ते देऊन नोंदी ठेवल्या आणि 1785 साली पुस्तक काढलं. मला आवडतं ते हे की ज्यांना गुण आला नाही त्यांच्याही केसेस त्याने छापल्या! डोस जास्त झाला तर उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसायला लागतात, नाडी मिनिटाला 35 वर येते आणि माणूस जाऊही शकतो, हेही लिहून ठेवलं, तेव्हा बागेतल्या झाडावर प्रयोग नकोत.

आता काहींची सूज झरझर उतरायची आणि काहींना ढिम्म फरक नाही, असं का? हार्टमुळे पाणी साठलेल्यांना औषध लागू पडत होतं, बाकीच्यांना नाही, पण रोगाचं नाव मात्र सगळ्यांचं एकच. म्हणून कादंबरीत ड्रॉप्सी दिसली की एका मराठी शब्दावर बोट ठेवू नका, आजूबाजूची वाक्यं वाचा. धाप लागत असेल, उशा रचून बसून झोपत असेल तर बहुतेक हार्ट. आणि आपल्याकडच्या पेपरात ड्रॉप्सी आली तर ते प्रकरण वेगळंच, मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याने होणारी विषबाधा. 1998 साली दिल्लीत अशी साथ आली होती आणि माणसं दगावली होती.

प्रश्न : ऑइल ऑफ व्हिट्रिऑल हे तेल आहे का? आणि हार्ट्सहॉर्न काय असतं? – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : तेल नाही हो, सल्फ्युरिक ॲसिड! तेलासारखं दाट ओघळतं म्हणून तेल. हिराकस म्हणजे ग्रीन व्हिट्रिऑल, मोरचूद म्हणजे ब्लू व्हिट्रिऑल. खड्यांना काचेसारखी चमक म्हणून व्हिट्रिऑल (लॅटिनमधे व्हिट्रम म्हणजे काच), आणि हिराकस भट्टीत तापवून जे निघायचं ते त्याचं तेल. जुने केमिस्ट दिसण्यावरून, चवीवरून, मिळतं कुठून त्यावरून नाव ठेवायचे. शुगर ऑफ लेड घ्या, लेड ॲसिटेट, चवीला गोड म्हणून शुगर, आणि लोक ते चक्क वाइनमधे घालायचे, शिसं पोटात! 1787 साली पॅरिसमधे लाव्हाझिए हा केमिस्ट आणि मंडळींनी ठरवलं की पदार्थ ज्याचा बनलाय ते नावातच दिसलं पाहिजे, तिथून ही जुनी नावं मागे पडत गेली.

हार्ट्सहॉर्न म्हणजे हरणाचं शिंग. शिंगाचे तुकडे बंद भांड्यात तापवले की अमोनिया निघतो. कादंबरीतल्या बायका चक्कर येऊन पडल्या की नाकाशी धरतात ती बाटली याचीच. त्याच घराण्यातला पदार्थ आजही बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात.

प्रश्न : राइझिंग ऑफ द लाइट्स हे मरणाचं कारण कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : लाइट्स म्हणजे फुप्फुसं, वजनाला हलकी म्हणून. ती वर चढली की माणूस जातो अशी समजूत. लंडनमधे 17व्या शतकात मृत्यूंचे छापील तक्ते निघायचे, हे नाव त्यातलं. कारण ठरवायला घरी जाऊन प्रेत बघायच्या त्या नेमलेल्या म्हाताऱ्या बायका, डॉक्टर नव्हेत, त्यामुळे त्या तक्त्यात नुसतं 'दात' हेही मरणाचं कारण आहे (दात येण्याच्या वयात गेलेली पोरं).

प्रश्न : एमेट म्हणजे काय? – तेच पुण्याचे वाचक

उत्तर : मुंगी. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमधे अजून चालतो हा शब्द, उन्हाळ्यात किनाऱ्यावर झुंडीने येणाऱ्या टुरिस्टांना तिथले लोक वैतागून एमेट म्हणतात.